ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट ओळीओळीने कशी वाचायची

शेअर घेतल्याचा पुरावा दाखवा म्हटलं की ठाण्याच्या नौपाड्यात काय, वर्तकनगरात काय, बहुतेक जण मोबाइल काढतात आणि ॲपचा स्क्रीन समोर धरतात. काही जण ब्रोकरच्या ऑफिसवाल्याने व्हॉट्सॲपवर टाकलेला "काका, १०० घेतले ६४० ला" हा मेसेज दाखवतात. हे दोन्ही पुरावे नाहीत. तुमच्या नावावर एक्सचेंजवर नेमकं काय झालं, किती वाजता झालं, कुठल्या भावाला झालं आणि त्यापोटी तुमच्याकडून कशाकशाचे किती पैसे घेतले, हे ब्रोकरला ज्या कागदावर सही करून द्यावंच लागतं तो कागद एकच, कॉन्ट्रॅक्ट नोट. ट्रेड झाल्यापासून २४ तासांच्या आत ती तुमच्यापर्यंत पोचली पाहिजे असा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, आणि ती येतेही, रोज रात्री ईमेलमध्ये येऊन पडते, फक्त कोणी उघडत नाही. उघडली तरी इतके बारीक आकडे असतात की माणूस थेट शेवटचा आकडा बघून बंद करतो.

म्हणून एकदा नीट, सावकाश, वरपासून खालपर्यंत बघू. सवय झाली की पाच मिनिटांचं काम आहे.

आधी फाइल उघडा, आणि सही बघा

ईमेलला जोडलेली पीडीएफ पासवर्डने बंद असते. पासवर्ड बहुतेक ब्रोकरांकडे तुमचा पॅन नंबर असतो, काही ठिकाणी अक्षरं कॅपिटलमध्ये टाकावी लागतात, काही ब्रोकर जन्मतारीख ठेवतात, कुठला आहे ते त्याच ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. ईमेल सापडत नसेल तर स्पॅम फोल्डर बघा, नाहीतर ब्रोकरच्या वेबसाइटवर लॉगिन करून रिपोर्ट्समध्ये तारखेनुसार सगळ्या नोटा मिळतात.

नोटेवर ब्रोकरची डिजिटल सही असते. मोबाइलवर ती नीट दिसत नाही, कंप्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडली तर सहीच्या जागी खूण दिसते. तिथे पिवळं प्रश्नचिन्ह आलं म्हणजे नोट खोटीच आहे असं नाही, बऱ्याचदा तुमच्या कंप्युटरने त्या सहीचं सर्टिफिकेट अजून तपासलेलं नसतं एवढंच. पण सहीच नसलेली पीडीएफ, एक्सेलमध्ये बनवलेला तक्ता किंवा कोणीतरी पाठवलेला फोटो याला कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणायचं नाही. कोणी तसं म्हणत असेल तर तिथेच थांबा.

वरचा भाग: कोणी दिली, कोणाला दिली, कधीची

सगळ्यात वर ब्रोकरचं नाव, पत्ता आणि सेबी नोंदणी क्रमांक असतो. हा क्रमांक आयएनझेड या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत टाकून तपासता येतो. नवीन ब्रोकर असेल, किंवा कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपमधून नवीन ॲप डाउनलोड करायला लावलं असेल, तर हे तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. त्या खोट्या ॲपमध्ये तुमचे शेअर दिसतात, दुप्पट झालेले पैसे दिसतात, पण नोंदणीकृत ब्रोकरची सही असलेली कॉन्ट्रॅक्ट नोट कधीच येत नाही. येणार कुठून, ट्रेडच झालेला नसतो.

इथे ठाण्यातल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. राम मारुती रोडला किंवा स्टेशनजवळ जे ऑफिस आहे, जिथे तुम्ही जाऊन बसता, चहा पिता, तो माणूस सहसा ब्रोकर नसतो. त्याला आपण सबब्रोकर म्हणतो, पण ती वेगळी नोंदणी सेबीने २०१९ मध्ये बंद केली, आता तो त्या मोठ्या ब्रोकरचा ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे अधिकृत प्रतिनिधी, असतो. त्याला स्वतःच्या नावाने कॉन्ट्रॅक्ट नोट देता येत नाही, आणि तुमचे पैसे स्वतःच्या खात्यात घेता येत नाहीत. नोटेवर नाव मुख्य ब्रोकरचंच पाहिजे, चेक किंवा यूपीआयही त्याच नावाने गेलं पाहिजे. माणूस कितीही ओळखीचा असो, अगदी तुमच्या मुलाचा शाळेतला मित्र असो, हा नियम त्यालाही लागू आहे.

त्याच्या खाली तुमचं नाव, पत्ता, पॅन आणि यूसीसी म्हणजे तुमचा क्लायंट कोड. घरात नवरा-बायको दोघांची खाती असतील तर कोड बघाच, कारण फोनवर ऑर्डर देताना ऑफिसवाला एकाऐवजी दुसऱ्याच्या खात्यात टाकतो असं होतं आणि मग पैसे एकाचे, शेअर दुसऱ्याच्या डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात.

मग येते ट्रेडची तारीख, नोटेचा क्रमांक, सेटलमेंट नंबर आणि सेटलमेंटची तारीख, सेटलमेंट म्हणजे पैसे आणि शेअर प्रत्यक्ष इकडून तिकडे होणं. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे सगळे शेअर टी प्लस वनमध्ये सेटल होतात, म्हणजे सोमवारी घेतले तर मंगळवारी डिमॅटला, शुक्रवारी घेतले तर सोमवारी. फक्त मध्ये बँकांची सुट्टी असेल तर एक दिवस पुढे जातं. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची महाराष्ट्रात बँकांना सुट्टी असते, बाजार मात्र चालू असू शकतो, अशा वेळी ट्रेड होतो पण त्या दिवशी सेटलमेंट होत नाही. दुसऱ्या दिवशी शेअर दिसले नाहीत म्हणून घाबरून फोन करणारे दरवर्षी असतात, त्यांनी नोटेवरची सेटलमेंटची तारीख वाचली असती तर ती तिथेच छापलेली होती.

मधला तक्ता: ट्रेड

आता खरा मजकूर. एका ओळीत ऑर्डर नंबर, ऑर्डरची वेळ, ट्रेड नंबर, ट्रेडची वेळ, शेअरचं नाव, खरेदी की विक्री, किती, काय भावाने, दर शेअरमागे दलाली किती, दलाली धरून भाव किती आणि एकूण किती असं सगळं असतं. ब्रोकरप्रमाणे रकान्यांचा क्रम बदलतो पण माहिती हीच.

समजा तुम्ही एका कंपनीचे १०० शेअर ६४० च्या आसपास घ्यायला सांगितले. ते एका झटक्यात एकाच विकणाऱ्याकडून मिळतील असं नाही. ४० शेअर ६३९.७५ ला मिळाले, ४० शेअर ६४०.१५ ला, उरलेले २० शेअर ६४०.२० ला. ऑर्डर एक, ट्रेड तीन. नोटेत तीन ट्रेड नंबर दिसले म्हणून दचकू नका. तिन्हींची किंमत २५,५९० अधिक २५,६०६ अधिक १२,८०४, बेरीज ६४,०००, म्हणजे सरासरी ६४०.०० रुपये. जून २०२५ पासून एकाच शेअरच्या त्या दिवसाच्या सगळ्या खरेदीचा, एनएसई आणि बीएसई या दोन्ही एक्सचेंजवरची धरून, एकच सरासरी भाव दाखवायची पद्धत आली आहे, त्यामुळे पहिल्या पानावर तुम्हाला एकच ओळ दिसेल, १०० शेअर, ६४०.००. सुटे ट्रेड मागच्या पुरवणीच्या पानावर असतात. ते मागचं पान कोणी बघत नाही आणि तपासण्यासारखं सगळं तिथेच आहे.

त्या पानावर काय बघायचं? पहिलं म्हणजे वेळ. बाजार सव्वानऊ ते साडेतीन. नऊ ते सव्वानऊ प्री-ओपन, म्हणजे बाजार उघडण्याआधीचं सत्र, असतं, त्यातले ट्रेड नऊ वाजून काही मिनिटांचे दिसू शकतात, आणि साडेतीननंतर थोडा वेळ क्लोजिंग सेशन असतं. तुम्ही ऑर्डर दिलीत अकराला आणि नोटेत ऑर्डरची वेळ दहा वाजून पाच मिनिटं असेल तर प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण तुम्ही सांगण्याआधी ती ऑर्डर टाकली कोणी? दुसरं म्हणजे भाव. त्या दिवसाचा उच्चांक आणि नीचांक एक्सचेंजच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतो, तुमचा भाव त्या दोघांच्या मध्ये असलाच पाहिजे, आणि ट्रेडच्या वेळेला चार्टवर साधारण तोच भाव दिसला पाहिजे. तिसरं म्हणजे तुम्ही न सांगितलेला शेअर त्यात आहे का.

शेअरच्या नावाशेजारी आयएसआयएन, म्हणजे त्या शेअरचा ओळख क्रमांक असतो, आयएनईने सुरू होणारा बारा अक्षर-आकड्यांचा. नावं सारखी असणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत, एकाच उद्योगसमूहाच्या तर चार-चार कंपन्यांची नावं एका शब्दाने वेगळी असतात, अशा वेळी नाव न बघता आयएसआयएन जुळवा.

खालचा भाग: पैसे कुठे गेले

इथे लोक सोडून देतात, आणि इथेच सगळ्यात जास्त कळतं. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. १०० शेअर, ६४० रुपये, एकूण ६४,०००, डिलिव्हरी खरेदी (म्हणजे त्याच दिवशी न विकता डिमॅटमध्ये ठेवायला घेतलेली), आणि तुमच्या ब्रोकरने दलाली ०.३० टक्के ठरवली आहे असं धरा.

दलाली म्हणजे ब्रोकरेज झाली १९२ रुपये, शेअरमागे १ रुपया ९२ पैसे. म्हणून नोटेत दलालीसकट भाव ६४१.९२ असा दिसेल. ही एकच रक्कम आहे जी ब्रोकरच्या हातात आहे, बाकी सगळं सरकारचं, सेबीचं आणि एक्सचेंजचं, ब्रोकर फक्त गोळा करून पुढे देतो.

एसटीटी, म्हणजे सरकारचा व्यवहार कर, डिलिव्हरीत खरेदीवरही ०.१ टक्का आणि विक्रीवरही ०.१ टक्का. लाखाला शंभर रुपये. आपल्या खरेदीवर ६४ रुपये. हा पूर्ण रुपयात धरतात.

एक्सचेंजचा ट्रान्झॅक्शन चार्ज एनएसईवर लाखाला साधारण तीन रुपये. आपल्या हिशेबात २.९७ धरला तर १ रुपया ९० पैसे. सेबीची फी कोटीला १० रुपये, म्हणजे आपल्याला ६ पैसे. कोणाच्या नोटेत या सेबीच्या ओळीत दहावीस रुपये दिसले तर तुमचा व्यवहार कोटींमध्ये तरी पाहिजे, नाहीतर काहीतरी चुकलंय.

स्टॅम्प ड्युटी फक्त खरेदी करणाऱ्याला, डिलिव्हरीत ०.०१५ टक्के, लाखाला १५ रुपये, आपल्याला ९ रुपये ६० पैसे, काही ब्रोकर पूर्ण रुपयात दाखवतात. पूर्वी प्रत्येक राज्याचा दर वेगळा होता, १ जुलै २०२० पासून देशभर एकच आहे. विक्रीच्या नोटेत स्टॅम्प ड्युटी लावलेली दिसली तर ब्रोकरला विचारा.

आता जीएसटी. १८ टक्के, पण कशावर? ६४,००० वर नाही. दलाली, एक्सचेंज चार्ज आणि सेबी फी या तिघांच्या बेरजेवर, म्हणजे १९३ रुपये ९६ पैशांवर. एसटीटी आणि स्टॅम्प ड्युटीवर जीएसटी लागत नाही. तुमचा पत्ता ठाण्याचा आणि ब्रोकरची जीएसटी नोंदणी महाराष्ट्राची असेल तर नोटेत सीजीएसटी १७.४६ आणि एसजीएसटी १७.४६ अशा दोन ओळी दिसतील. ब्रोकर बेंगळुरूचा असेल तर त्याऐवजी आयजीएसटी ३४.९१ अशी एकच ओळ. घरातल्या दोघांच्या दोन ब्रोकरांच्या नोटा शेजारी ठेवल्या की एकाला दोन कर आणि दुसऱ्याला एकच का असा प्रश्न पडतो, तर टक्का तोच आहे, वाटणी फक्त वेगळी. एकाच नोटेत तिन्ही ओळी भरलेल्या दिसल्या तर मात्र चूक आहे.

सगळी बेरीज: १९२ अधिक ६४ अधिक १.९० अधिक ०.०६ अधिक ३४.९२ अधिक ९.६०, होतात ३०२ रुपये ४८ पैसे. शेवटची ओळ, तुम्ही द्यायची रक्कम, ६४,३०२.४८. तुमच्या नोटेत पैशांचा फरक पडेल पण रुपयांचा पडता कामा नये.

हेच शेअर पुढे ६६० ला विकले असं धरा. ६६,००० ची विक्री, दलाली १९८, एसटीटी ६६, एक्सचेंज १.९६, सेबी ०.०७, जीएसटी ३६, स्टॅम्प ड्युटी नाही, खर्च ३०२.०३, हातात ६५,६९७.९७. भावातला फायदा २,००० रुपये दिसतो, पण खरोखर मिळाले १,३९५ रुपये ४९ पैसे. सहाशे रुपये दोन नोटांच्या खालच्या ओळींमध्ये गेले. ०.३० टक्के दलाली असेल तर ६४० चा शेअर जवळपास ६४६ होईपर्यंत तुमची बरोबरीच होत नाही. आणि ऑफिसवाला "काका, हे काढून ते घेऊ" म्हणत महिन्यात चार वेळा अशी अदलाबदल करत असेल तर ६४,००० रुपयांवर महिन्याला चोवीसशे रुपये खर्चातच जातात, शेअर वर जाओ की खाली. महिन्याभराच्या नोटा घ्या, दलालीच्या रकान्याची बेरीज करा आणि मग ठरवा की हा सल्ला तुमच्यासाठी आहे का त्याच्या दलालीसाठी. माझं प्रामाणिक मत आहे की निवृत्तीचे पैसे बाजारात असलेल्या प्रत्येक माणसाने ही बेरीज दर महिन्याला केलीच पाहिजे.

दलालीचा दर जुळवताना एक खाचखळगा. काही ब्रोकरांच्या दरपत्रकात टक्क्यासोबत शेअरमागे किमान पैसे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ किमान ५ पैसे. ८ रुपयांचे ५,००० शेअर घेतले, ४०,००० रुपयांचा व्यवहार, ०.३० टक्क्याने दलाली १२० व्हायला हवी, पण किमान ५ पैशांनी ती होते २५०, म्हणजे दुप्पट. स्वस्त शेअर घेणाऱ्यांना हे कळतच नाही. खातं उघडताना सही केलेलं दरपत्रक शोधा, नसेल तर ईमेल करून मागवा. नियमाने दलाली व्यवहाराच्या अडीच टक्क्यांपेक्षा (१० रुपये किंवा त्याखालच्या शेअरला शेअरमागे २५ पैशांपेक्षा) जास्त घेता येत नाही, पण ती वरची मर्यादा झाली, तुम्हाला लागू आहे तो तुमच्या दरपत्रकातला दर.

सकाळी घेऊन दुपारी विकलं, म्हणजे इंट्राडे, तर एसटीटी फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के आणि स्टॅम्प ड्युटी खरेदीवर ०.००३ टक्के. एसटीटी बघून ब्रोकरने व्यवहार इंट्राडे धरलाय की डिलिव्हरी ते लगेच कळतं. फ्युचर्स-ऑप्शन्सचे दर वेगळे आहेत आणि बजेटमध्ये बदलत असतात, ते त्या वर्षीचे बघून घ्या. तुम्ही कधी ऑप्शन्स करा म्हणून सांगितलंच नाही आणि नोटेत कॉल, पुट किंवा एक्स्पायरीची तारीख दिसत असेल, तर दर बघत बसू नका, आधी फोन आणि पाठोपाठ ईमेल.

नोटेत नसलेला खर्च

बरेच जण म्हणतात नोट जुळते पण खात्यातले पैसे जुळत नाहीत. कारण काही रक्कम नोटेत येतच नाही, ती थेट लेजरमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या तुमच्या पैशांच्या खातेवहीत, कापली जाते. शेअर विकले की डीपी चार्ज, म्हणजे डिमॅटमधून शेअर काढल्याचा खर्च लागतो, प्रत्येक कंपनीमागे दिवसातून एकदा, मग एक शेअर विका की हजार. त्यावर जीएसटी. डिमॅटचा वार्षिक चार्ज, फोनवरून ऑर्डर दिल्याचा चार्ज, पैसे उशिरा दिल्याचं व्याज, हे सगळं लेजरमध्ये. म्हणून नोटेच्या शेवटच्या ओळीतली रक्कम लेजरमध्ये त्याच सेटलमेंट नंबरसमोर शोधा, ती तशीच्या तशी मिळाली पाहिजे, आणि बाकीच्या ओळी कशाच्या आहेत ते एकेक विचारून घ्या. दहा-दहा शेअर वेगवेगळ्या दिवशी विकणाऱ्याला डीपी चार्जच जास्त पडतो, त्यापेक्षा एकदम विकलेलं बरं.

ब्रोकरच्या कागदाची खात्री ब्रोकरकडून करून घ्यायची नाही

एनएसई आणि बीएसई दोन्ही एक्सचेंज दिवसाच्या शेवटी तुमच्या ट्रेडचा एसएमएस आणि ईमेल थेट तुम्हाला पाठवतात, मध्ये ब्रोकर नसतो. शेअर डिमॅटमधून गेले की सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेचा मेसेज वेगळा. आणि दर महिन्याला व्यवहार झाला असेल तर एकत्रित स्टेटमेंट येतं, त्याला कॅस म्हणतात. नोट, एक्सचेंजचा मेसेज आणि डिमॅट, तिन्हीकडे तोच आकडा पाहिजे. शंका असेल तर एनएसईच्या वेबसाइटवर ट्रेड व्हेरिफिकेशनची सोय आहे, नोटेवरचा क्लायंट कोड, ऑर्डर नंबर, ट्रेड नंबर वगैरे टाकला की तो ट्रेड खरोखर एक्सचेंजवर झाला का ते कळतं. तिथे अगदी अलीकडच्या दिवसांचेच ट्रेड मिळतात, म्हणून आठवड्याने बघू असं ठेवू नका.

पण हे मेसेज तुम्हाला यायला नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचा पाहिजे. आणि इथेच माणसं फसतात. पाचपाखाडीतल्या एका ओळखीच्या काकूंना कॉन्ट्रॅक्ट नोट हा प्रकारच माहीत नव्हता, कारण खातं उघडताना "तुम्हाला ईमेल जमत नाही ना, मी करतो सगळं" असं म्हणून त्यांच्या एजंटने स्वतःच्याच ऑफिसमध्ये त्यांच्या नावाने एक ईमेल काढला होता. नोटा नियमाप्रमाणे रोज जात होत्या, फक्त त्याच्याच इनबॉक्समध्ये. मुलगी ऐरोलीला कामाला, तिला कधी विचारायचं सुचलं नाही. कागदावर सगळं कायदेशीर दिसत होतं, ब्रोकरने नोट पाठवली होती, क्लायंटने हरकत घेतली नव्हती. नोट पाठवूनही तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणजे ट्रेड तुम्हाला मान्य होता, हा ब्रोकरचा नेहमीचा बचाव असतो.

म्हणून आज, हा लेख वाचून झाल्यावर, एवढं करा. ब्रोकरच्या वेबसाइटवर प्रोफाइल उघडा आणि नंबर-ईमेल कोणाचा आहे ते बघा. तुमचा नसेल तर बदला. स्वतःचा ईमेल वापरायला जमत नसेल तर नवरा, बायको, अवलंबून असलेली मुलं किंवा अवलंबून असलेले आईवडील यांच्यापैकी कोणाचा चालतो, तशी लेखी परवानगी द्यावी लागते. एजंटचा, ऑफिसचा, शेजाऱ्याचा कधीच नाही. ईमेल अजिबातच नको असेल तर नोट कागदावर पोस्टाने मागायचा तुम्हाला हक्क आहे, थोडा खर्च घेतील, द्या. आणि आईवडिलांचं खातं असेल तर मुलांनी महिन्यातून एकदा रविवारी बसून त्यांच्या नोटा त्यांच्याबरोबर वाचा. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, त्यांच्या बाजूला कोणीतरी बसलंय हे त्या ऑफिसलाही कळलं पाहिजे म्हणून.

जपून ठेवायच्या कशा आणि का

ईमेलमध्ये एक लेबल करा, आर्थिक वर्षाप्रमाणे फोल्डर, आणि वर्षातून एकदा सगळ्या पीडीएफ पेनड्राइव्हवर. ब्रोकर बदलला, बंद पडला, ॲप गेलं, की जुना हिशेब फक्त या फायलींमध्ये उरतो.

टॅक्सला यातलं काय लागतं? खरेदीची तारीख, कारण बारा महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के आणि त्यानंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. दलाली खर्चात धरता येते, एसटीटी धरता येत नाही, त्यामुळे वरच्या उदाहरणात खरेदीची किंमत लिहिताना ते ६४ रुपये बाजूला काढायचे. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले जुने शेअर असतील तर त्यांची किंमत धरायचा नियम वेगळा आहे, त्या दिवशीचा सगळ्यात वरचा भाव त्यात येतो, पण मूळ खरेदी किती होती ते दाखवायला जुनी नोटच लागते. वडिलांच्या कपाटात पिवळ्या पडलेल्या कागदी नोटा असतील तर रद्दीत देऊ नका, स्कॅन करून ठेवा.

काही चुकलेलं सापडलं तर

त्याच दिवशी लिहा. फोन करा, पण फोनवर थांबू नका, "बघतो काका, उद्या रिव्हर्स करून देतो" याला काही अर्थ नाही. तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवरून ब्रोकरच्या कंप्लायन्स ऑफिसरला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल करा, त्याचा ईमेल पत्ता नोटेवरच छापलेला असतो. मेल लांबलचक नको. नोटेचा क्रमांक, तारीख, ऑर्डर नंबर, ट्रेड नंबर आणि एक वाक्य: ही ऑर्डर मी दिलेली नाही, मी ती कशी दिली याचा तुमच्याकडचा पुरावा पाठवा. हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण २०१८ पासून सेबीने ब्रोकरांना बंधनकारक केलंय की ऑर्डर क्लायंटनेच दिल्याचा पुरावा, म्हणजे फोनचं रेकॉर्डिंग, सहीचा कागद, ईमेल, मेसेज किंवा लॉगिनची नोंद, असल्याशिवाय ट्रेड करायचा नाही. वाद झाला की पुरावा त्यांनी द्यायचा असतो.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाका, फुकट आहे, पॅनने नोंदणी होते, आणि ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतरही मिटलं नाही तर स्मार्ट ओडीआर पोर्टलवर ऑनलाइन समेट आणि लवाद आहे, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. पोर्टल भरताना अडलात तर सेबीचा टोल फ्री नंबर १८०० २२ ७५७५, मराठीत बोलता येतं.

तक्रारीला जोडायचे कागद: वादातली कॉन्ट्रॅक्ट नोट पुरवणीच्या पानासकट, त्या महिन्याचं लेजर, एक्सचेंजच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट, डिमॅटचं स्टेटमेंट आणि तुम्ही कंप्लायन्स ऑफिसरला पाठवलेला मेल तारखेसकट. पीडीएफचा पासवर्ड काढून जोडा, नाहीतर समोरचा उघडू शकत नाही आणि तक्रार कागद अपुरे म्हणून परत येते.